सर्फबोर्डला वॅक्सऐवजी काय लावताय? कोल्हापुरातनं जाणाऱ्यांनी सांगा

राजारामपुरी_रायडर:
आधीच सांगतो, हसू नका. कोल्हापुरात राहून सर्फिंगचा नाद लागलाय. समुद्र घाटाखाली, बोर्ड आमच्या टेरेसवर, आणि जमेल तेव्हा शनिवारी पहाटे आजरा-आंबोलीवरनं सावंतवाडी, तिथनं पुढं गोव्यातलं मांद्रे-अश्वे. बोर्ड साडेसात फुटी, फायबरग्लासचा, सेकंडहँड घेतलाय.

प्रश्न वॅक्सचा आहे, म्हणजे बोर्डवर पाय घसरू नये म्हणून घासायच्या मेणाचा. ट्रॉपिकल (गरम पाण्यासाठीचं) लिहिलेलंच घेतो, तरी एप्रिल-मेमध्ये बोर्ड टपावर बांधून घाट उतरेपर्यंत वॅक्स मऊ होऊन बॅगेला, पट्ट्यांना, गाडीच्या टपाला सगळीकडं लागतंय, आणि बीचवर बोर्ड खाली ठेवला की वाळू अशी चिकटती की डेकचा, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूचा, पॉलिशपेपर होतोय. परत घासायचं, परत लावायचं. इकडं दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवलं तर वॅक्सपेक्षा कुरिअर महाग.

मग डोक्यात आलं की कायमचंच काहीतरी लावावं. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात जिन्याच्या पायऱ्यांना लावायची काळी खरखरीत टेप बघितली, लई स्वस्त आहे. ऑनलाइन ट्रॅक्शन पॅड (पायाला पकड देणारे फोमचे तुकडे) दिसतात, आणि ते पारदर्शक षटकोनी स्टिकरपण. कुणी वापरलंय का ह्यातलं? नुसतं यूट्यूब बघून सांगू नका, वापरलेल्यांनीच सांगा.

घाटउतार:
भावा, ती जिन्याची टेप तेवढी लावू नको. त्यात घासकामाची खर असते, बूट घातलेल्या पायांसाठी केलेली. आपण बोर्डवर उभं किती राहतो आणि पालथं पडून हातानं पॅडलिंग किती करतो ते बघ की. छाती, पोट, गुडघे सगळं त्याच्यावर घासतंय, त्यात खारं पाणी. दोन सेशनमध्ये रॅशगार्डची (पाण्यात घालायच्या घट्ट टीशर्टची) चाळण होईल, कातडीचं तर विचारूच नको. लोक पूर्वी वॉर्निशमध्ये वाळू टाकून ग्रिप करायचे, ते सोडून १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात पॅराफिन मेण घासायला लागले ते ह्याच त्रासामुळं. तू परत वाळूकडं निघालास.

मी वापरतोय ते सांगतो. मागं टेल पॅड, पुढच्या पायाखाली ते षटकोनी स्टिकर. टेल पॅड म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकाला चिकटवायचा ईव्हीए फोम, चप्पलच्या सोलला असतो तसला, मागच्या बाजूला उंचवटा असतो, त्यामुळं पाय बघायला खाली मान घालावी लागत नाही, टाचेला लागतंच. पण तुझ्या साडेसात फुटीवर त्याचा उपयोग कितपत, मला शंका आहे. नवीन माणूस लांब बोर्डवर मागचा पाय फिनच्या (बोर्डखालच्या पात्यांच्या) वर नेतच नाही, पुढंच कुठंतरी उभा राहतो. मग हजार-पंधराशेचं पॅड मागं नुसतं शोभेला.

त्यामुळं खरेदीच्या आधी एक काम कर. आत्ता जे जुनं वॅक्स आहे ते खरवडू नको, त्याच्यावरच एक सेशन कर आणि बाहेर आल्यावर डेक बघ. पाय जिथं पडतात तिथलं वॅक्स दाबून चपटं झालेलं असतं. त्या जागेभोवती पेन्सिलनं खूण कर आणि मगच वॅक्स काढ. पुढं स्टिकर किती लागणार ते त्यावरनंच कळतं. पूर्ण डेक भरायची गरज नसती, लोक उगाच दोन-दोन पाकिटं लावतात.

मालवणी_वहिनी:
मी मूळची मालवणची, लग्न करून कोल्हापुरात आलेय, त्यामुळे दोन्हीकडची बाजू घेते. वॅक्सला एवढ्यात शिव्या देऊ नका हो. पॅडवर पाय अडकून बसतो, वॅक्सवर तो सरकवून नीट करता येतो, आणि शिकताना हे सरकवणं फार लागतं. शिवाय बोर्ड दुसऱ्याला द्यायचा असला, पाय वेगळ्या जागी पडत असले, तर वॅक्स हवं तिथे लावा. पॅड एकदा चिकटलं की चिकटलं.

आणि गाडीवर वितळतं त्यात वॅक्सचा दोष कमी आहे. चंदेरी बॅग वापरा, बोर्ड डेक खाली करून बांधा म्हणजे वॅक्सवर ऊन थेट पडत नाही, आणि निघायचं तर पहाटे चारला निघा. नाहीतर सरळ घरी सगळं खरवडून बोर्ड कोरा न्या आणि बीचवर सावलीत लावा. पाच-दहा मिनिटांचं काम. आधी कडक बेस कोट गोल गोल घासून दाणे उठवायचे, त्यावर ट्रॉपिकल हलक्या हाताने. बरेच जण बेस कोट लावतच नाहीत आणि मग वॅक्स टिकत नाही म्हणतात.

घरी वॅक्स करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर एक सांगते, कारण मी हे केलंय. नेटवर मधमाशीचं मेण आणि खोबरेल अशी रेसिपी फिरते. ती थंड पाण्याच्या देशातली. खोबरेल २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं, आपल्याकडे थंडीत बाटली गोठते ती तेवढ्यावरच. गोव्याचं पाणी मे महिन्यात त्याच्यापेक्षा गरम असतं, म्हणजे बोर्डवर नुसतं तेल. मी खोबरेल पूर्ण काढलं आणि त्याऐवजी थोडी राळ घातली, तीच पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते ती. मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं, राळ त्याहून जास्त तापवावी लागते, म्हणून डबल बॉयलरमध्ये वेळ लागतो, आणि घरात देवळासारखा वास सुटतो. सासूबाई खूश. चिकटपणा चांगला येतो पण राळ जास्त झाली की मेण तडकतं, हाताने बघत बघतच जमतं.

राजारामपुरी_रायडर:
वहिनी, राळेची आयडिया नाद खुळा. पण गॅसवर मेण म्हणजे आमच्या घरात युद्ध होईल.

घाटउतार दादा, ते स्टिकर निघत नाहीत का पाण्यात? आणि जुनं वॅक्स पूर्ण कसं काढायचं, मी खरवडतो पण एक तेलकट थर राहतोयच.

घाटउतार:
निघतात ते त्या तेलकट थरामुळंच. बोर्ड दहा मिनिटं उन्हात ठेव, जास्त नको, आतला फोम तापून फुगला तर डेक सुटतोय. वॅक्स मऊ झालं की जुन्या एटीएम कार्डनं ओढून काढ. राहिलेलं सुती फडक्याला थोडं रॉकेल किंवा व्हाईट स्पिरिट लावून पूस, मग साबणानं धू, वाळव, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घे, मेडिकलमध्ये मिळतं. हा शेवटचा हात लोक गाळतात. बोट फिरवल्यावर कर्रकर्र आवाज आला पाहिजे, घसरलं तर परत पूस.

चिकटवताना सावलीत, पण बोर्ड गार नको. एकेक तुकडा मधनं बाहेर दाबत जायचं, कडा अंगठ्यानं नीट दाबायच्या. मग २४ तास पाण्यात नाही. हेच जमत नाही कुणाला, शुक्रवारी रात्री चिकटवतात आणि शनिवारी सकाळी पाण्यात. तू गुरुवारी लाव.

स्टिकरच्या मधे फटी ठेवायच्या, त्यातनं पाणी निघून जातं. टोचतात थोडे, पण छातीखाली लावूच नको म्हणजे झालं. आणि खरं सांगायचं तर एकदम ताज्या वॅक्सएवढी पकड येत नाही, पण शिळ्या, वाळू भरलेल्या वॅक्सपेक्षा केव्हाही बरी.

उद्यमनगरचा_फिटर:
एवढे पैसे घालण्यापेक्षा चप्पलच्या सोलला लागणारी ईव्हीए शीट घ्या की राव. कोल्हापुरात चप्पलच्या मटेरियलला काय तोटा. मी ३ मिमीची आणून माझ्या पॅडलबोर्डला लावलीय. फक्त गुळगुळीत शीट ओली झाली की साबणासारखी होती, तेव्हा वरनं चौकटी खाचा पाडाव्या लागतात. पट्टी धरून कटरनं अर्ध्या जाडीपर्यंत, दोन्ही तिरक्या दिशांनी. कंटाळवाणं काम आहे पण पकड खाचांतच असती. कडा उतरत्या कापायच्या, नाहीतर पायाच्या बोटात अडकून उचकटतात.

चिकटवायला चप्पलवाल्यांचं सोल्युशन चालतं, दोन्हीकडं पातळ हात, हाताला चिकटायचं बंद झालं की मग जोडायचं. पण बोर्डला कुठं चीर, डिंग (आपटून पडलेली खोक) असली तर आधी बुजवा. सोल्युशनमधलं सॉल्व्हंट आत थर्माकोलसारखा फोम असला तर तो खाऊन टाकतंय, वरनं काय दिसत नाही, आत पोकळ.

पन्हाळा_पावसाळा:
मधेच विचारतो, माझा सॉफ्ट टॉप आहे, आठ फुटी, वरनं फोमच. ह्याला पण लावायचं का काही?

उद्यमनगरचा_फिटर:
सॉफ्ट टॉपला सोल्युशन अजिबात नको, वरचा थरच जाईल.

मालवणी_वहिनी:
बहुतेक सॉफ्ट टॉपवर खरखरीत नक्षी असते, शिकताना तेवढी पुरते. गुळगुळीत झाला असेल तर पाय पडतात तिथे जरा वॅक्स घासा. घसरायचं कारण निम्म्या वेळा सनस्क्रीन असतं. पोटाला, मांडीला थापून बोर्डवर झोपलात की डेक तेलकट. तोंडाला आणि मानेला लावा, बाकी फुल हाताचा रॅशगार्ड घाला.

राजारामपुरी_रायडर:
हे सनस्क्रीनचं डोक्यातच आलं नव्हतं.

बरं, ठरलं. ह्या शनिवारी जुन्या वॅक्सवर सेशन, खूण करून आणतो. पुढं स्टिकर मागवतो, मागं फिटर भाऊंच्या पद्धतीनं शीट, बिघडलं तर फार पैसे तरी जाणार नाहीत. वॅक्सची एक वडी बॅगेत ठेवतोच वहिनी, काळजी नको. जूनच्या आत उरकायचं आहे, नंतर समुद्र खवळला की सप्टेंबरपर्यंत कोण जातंय. फिटर भाऊ, शीट ३ मिमीच घ्यायची का ५ ची?

उद्यमनगरचा_फिटर:
मागच्या पायाला ५. आणि पांढरी किंवा राखाडी घे, काळी उन्हात पाय ठेवू देत नाही. माझ्याकडं ५ चा तुकडा पडलाय, दीड फूट असंल. सोमवारी वर्कशॉप बंद असतंय, मंगळवारी ये, कटर पण घेऊन ये, माझ्या कटरची पाती गेल्यात.