शब्दचर्चा : ॲनोडायझिंग 'चढतं' की 'धरतं'?

प्रश्न

माझा भाचा पेंटबॉल खेळतो. त्याच्या जुन्या मार्करचे (रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या यंत्राचे) ॲल्युमिनियमचे सुटे भाग, म्हणजे बॅरल, ट्रिगर फ्रेम वगैरे, आम्ही गोरेगावला घरीच गॅलरीत ॲनोडाइज करतो. त्याला एकट्याला जमावं म्हणून मी मराठीत टिपण लिहून डब्याच्या झाकणावर चिकटवलं. पहिलंच वाक्य होतं : "ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा लेप चढवणे."

पठ्ठ्याने ते वाचलं आणि पॉलिश पेपर मारायचा टप्पा गाळला. फ्रेमला लाल रंग झकास आला, पण जुना प्रत्येक ओरखडा त्या लालीतून चकाकत होता. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, लेप म्हटलंय ना? मला वाटलं ओरखडे झाकले जातील." त्याचं काय चुकलं? भिंतीवरचा लेप झाकतो, चंदनाचा लेपही झाकतो. चुकला होता माझा शब्द.

इथे बाहेरून काहीच येत नाही. पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये वस्तू धन तारेला टांगायची, समोर ऋण तारेला शिशाचा पत्रा. करंट सुरू झाला की ॲल्युमिनियमचाच वरचा भाग ऑक्साइड होत जातो. हा थर थोडा आत उतरतो, थोडा बाहेर वाढतो. घरच्या कामात तो दहाएक मायक्रॉनचा झाला तरी पुरतो. ओरखडा भरायला त्यात काही नसतंच, खड्ड्याच्या तळाशीही तसाच थर तयार होतो. मग याला मराठीत क्रियापद कोणतं? चढवणे, देणे, मारणे, करणे?

प्रतिसाद

वडील मरोळ एमआयडीसीत याच कामावर होते, त्यामुळे कारखान्यातली बोली सांगतो. वस्तूला 'जॉब' म्हणायचे. 'जॉबला कॉस्टिक मारला' (कॉस्टिक सोड्याने साफ केला), 'टाकीत सोडला', 'फिल्म बसली' (थर तयार झाला), मग 'डाय' म्हणजे रंग आणि शेवटी 'सीलिंग', म्हणजे थराची छिद्रं मिटवणं. बाहेरचं गिऱ्हाईक 'ॲनोडाइज मारून द्या' म्हणायचं, आतली माणसं मात्र 'फिल्म बसली का?' असंच विचारायची. टाकी वीस अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावी लागते. मे महिन्यात ती तापली की फिल्म नरम पडायची आणि फडकं फिरवलं की हाताला पांढरी पूड लागायची. त्याला शब्द होता 'पावडर सुटली'. मारणे हे गिऱ्हाइकाचं क्रियापद, बसणे हे कामगाराचं. मी कामगाराच्या बाजूने.

प्रतिसाद

'कल्हई' का नको? सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

प्रतिसाद

कल्हई नको, कारण कल्हई म्हणजे दुसरा धातू. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. ती उडते, पुन्हा करावी लागते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. पितळेने ताक बिघडवण्यासाठी ज्या भाषेकडे वेगळं क्रियापद आहे, तिला वरून आलेला थर आणि आतून आलेला थर यांतला फरक सांगता येऊ नये, हे मला पटत नाही. 'मुलामा' आणि 'सोन्याचं पाणी' हेही त्याच कारणाने बाद.

प्रतिसाद

विज्ञान शिकवते, म्हणून 'धनाग्रीकरण' या शब्दाची बाजू मांडते. सगळे त्याला बोजड म्हणतात, पण तो प्रामाणिक आहे. ॲनोड आणि कॅथोड हे शब्द १८३४ मध्ये विल्यम व्ह्यूएल यांनी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेंना सुचवले. ग्रीकमध्ये 'अनोडॉस' म्हणजे वर जाणारी वाट आणि 'कॅथोडॉस' म्हणजे खाली जाणारी. आपण वाट सोडून टोक घेतलं : धन अग्र, ऋण अग्र. विद्युत विलेपनात (इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये) वस्तू ऋणाग्राला असते आणि दुसरा धातू तिच्यावर येऊन बसतो. इथे नेमकं उलटं. 'धनाग्रीकरण' म्हटलं की कोणती तार कुठे लावायची ते नावातच आलं. मात्र थर कसा होतो ते हा शब्द सांगत नाही. तेवढं काम क्रियापदाने करावं.

प्रतिसाद

थोडं विषयांतर. 'मार्कर'ला कुणी बंदूक म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती. हे यंत्र मुळात झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला बनवलं होतं, खेळ मागून आला : जून १९८१, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर गाव, बारा खेळाडू. खूण करणारं ते मार्कर. मराठी शब्द घडवायचा हट्ट नको, 'मार्कर'च राहू द्या.

प्रतिसाद

माझं मत 'धरणे'. दुधावर साय धरते, ती दुधातूनच येते. रोप मूळ धरतं, लेकरू बाळसं धरतं. सगळीकडे आतलंच काहीतरी वर येऊन टिकतं.

प्रतिसाद

पण गंजही धरतो आणि बुरशीही धरते. आपोआप, नको असताना. इथे तर माणूस करंट सोडून मुद्दाम करतोय.

प्रश्नकर्त्याकडून

आक्षेप खरा आहे, तरी मला 'धरणे'च पटलं. दही आपोआप लागतं, पण विरजण आपणच लावतो ना? तसं करंट आपण 'सोडायचा' आणि थर 'धरायचा'.

काल पुन्हा बसलो. पहिल्या खेपेला तार सैल झाली आणि करंट पडला. हा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे तारेची पकड जराशी सरकली तरी काम थांबतं. तार बदलली, फ्रेम कॉस्टिकमध्ये साफ करून पुन्हा टाकली, पाऊण तास ठेवली. बाहेर काढून धुतली आणि मल्टिमीटरच्या (वीज वाहिली की बीप देणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही पिना हलक्या हाताने टेकवल्या. आधी बीप वाजत होता, आता गप्प. भाचा ओरडला, "धरला!" शब्द त्याच्या तोंडून आपसूक आला, मी सुचवला नव्हता.

आणखी एक लक्षात आलं. कापडाच्या बाबतीत आपण 'रंग धरला' म्हणतोच. ताज्या थराला बारीक छिद्रं असतात, डाय त्यांत शिरतो. मग उकळत्या पाण्यात ती छिद्रं मिटतात आणि रंग पक्का होतो. म्हणजे आधी थर धरतो, मग थर रंग धरतो. दोन्ही टप्प्यांना एकच क्रियापद पुरलं.

झाकणावरचा कागद बदलला. आता असं लिहिलंय :

"ओरखडे आधी घासून काढ, थर काही झाकत नाही. पाण्यात ॲसिड ओत, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घाल, गॅलरीचं दार उघडं ठेव. वस्तू धन तारेला. थर धरला की बीप वाजत नाही. मग रंग, मग उकळतं पाणी."

'सीलिंग'ला 'छिद्रं मिटवणे' लिहू की 'सील करणे'च ठेवू, तेवढं ठरायचंय. मरोळच्या दादांनी सांगावं.