काउंटरवरून पडून स्कॅनरची लाल रेघ सरकली, आतल्या आरशाला धक्क्यापासून कसं वाचवायचं?

बियाणेवाली (घाटंजीकडून)

राम राम मंडळी. आमचं कृषी केंद्र आहे. दुकान बाबांचं, पण बिलं आणि साठा मी पाहते. बारकोडसाठी तारेचा, बंदुकीसारखा लेझर स्कॅनर आहे. मृग लागला की काउंटरपुढे पाय ठेवायला जागा नसते. सरकीची पाकिटं, तणनाशकाच्या बाटल्या, उधारीची वही, कोणाचा तरी दुपट्टा, आणि त्या सगळ्याच्या मधून स्कॅनरची तार. कोणी पिशवी ओढली की स्कॅनर खाली. खाली शहाबादी फरशी.

वरून पाहिलं तर खरचटण्यापलीकडे काही दिसत नाही. पण भिंतीवर मारला की लाल रेघ आधीपेक्षा आखूड येते आणि डावीकडे सरकलेली. एखाद्या वेळी रेघ येतच नाही, बारीक ठिपका चमकतो आणि विझतो. कानाशी हलवला तर आत खुळखुळतं. दुरुस्तीवाल्यानं न उघडताच ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ सांगितलं. मी घरी उघडून पाहिला. तोंडाच्या भागात एक छोटी धातूची डबी आहे, तिच्यात नखाएवढा आरसा, पातळ पट्टीवर टांगलेला. नुसती फुंकर मारली तरी डोलतो. बोर्डापेक्षा बिघाड तिथे असावा असं मला वाटतं.

चुलतभाऊ म्हणतो, डबीभोवती स्पंज ठासून भर आणि ग्लू गननं सगळं पक्कं करून टाक, हललंच नाही तर तुटेल कसं. ऐकायला पटतं, पण हात धजत नाही. बाहेरून रबराचं कव्हर लावलं तर पुरेल का? की ज्यात काही हलतच नाही असा स्कॅनर घ्यायचा?

पेचकस (अमरावती)

ताई, हात धजला नाही हे बरं झालं. ग्लू गन भावाला पोरांच्या प्रोजेक्टसाठी ठेवू द्या.

आधी तो आरसा काऊन हालते ते पाहा. लेझर डायोड फक्त एक ठिपका देते. तो ठिपका आरशावर पडते, आरसा डावी-उजवी डोलते, म्हणून तुम्हाला रेघ दिसते. हातातल्या बहुतेक लेझर स्कॅनरमध्ये सेकंदाला १०० च्या आसपास रेघा निघतात. जाताना एक, येताना एक, म्हणजे आरसा सेकंदाला ५० वेळा जाऊन परत येते. हे काम एक बारकं चुंबक आणि तांब्याची कॉइल करतात, मोटार-बिटार काही नाही. एवढ्याशा जोरात आरसा डोलला पाहिजे म्हणून पट्टी मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. स्पंज ठासला की डोलणं बंद. बोर्ड चांगला, लेझर चांगला, आणि स्कॅनर मेला.

ग्लूचं दुसरं पाप. ती धातूची डबी कशावर बसली आहे ते नीट बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये स्क्रूच्या भोवती लहान रबरी बुश असतात. बाहेरच्या प्लास्टिकला बसलेला धक्का डबीपर्यंत जायच्या आधी त्या बुशांत मुरते. त्यांच्यावर गरम ग्लू ओतला की प्लास्टिक आणि डबी एकजीव होतात, मग फरशीचा मार सरळ आरशाला. माझ्याकडे एम-सील भरलेले स्कॅनर येतात. उघडायलाच अर्धा दिवस जाते, आणि आत दुरुस्त करायला काही उरलेलं नसते.

आणि फेविक्विक तर डबीच्या जवळपासही नको. त्याची वाफ आरशावर आणि काचेवर पांढुरकी बसते, ती पुसायला गेलं की आरशाचा मुलामा जाते. शिवाय आरसा एका बाजूला आणि चुंबक दुसऱ्या बाजूला असं वजन तोलून बसवलेलं असते. डिंकाचा एक थेंब एका बाजूला जास्त झाला तरी तोल बिघडते.

आता तुमचा रोग. रेघ सरकली म्हणजे बहुतेक पट्टीला घडी पडली, आरसा मधोमध थांबायच्या ऐवजी तिरपा थांबून राहिला. ठिपका येऊन विझते म्हणजे आरसा अडकून राहिला. आरसा हालत नाही हे सर्किटला समजलं की ते लेझर स्वतःच बंद करते. ते खराबी नाही, डोळ्यांची सोय आहे. या लेझरची ताकद १ मिलिवॉटच्या आत असते, पण फिरणाऱ्या रेघेपेक्षा एका जागी थांबलेला ठिपका डोळ्याला वाईट. म्हणून उघडा स्कॅनर चालू करून आत वाकून पाहू नका.

खुळखुळण्यावर मात्र मला आशा आहे. कधी कधी आतला एखादा स्क्रू पडून सुटते आणि लोखंडाचा असल्यामुळे थेट त्या चुंबकाला जाऊन चिकटते. आरसा एका बाजूला डोलते, दुसऱ्या बाजूला स्क्रूवर आदळते. रेघ आखूड! तार काढा, उजेडात बघा, आणि दिसला तर प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या चिमट्यानं काढा. लोखंडी चिमटा नेला तर चुंबक त्यालाच ओढते आणि चिमट्याच्या धक्क्यानं पट्टी जाते.

गाठीवाला (हिंगणघाट)

आमच्या जिनिंगात बी हेच होतं. खाली काँक्रीट. एक सोपी गोष्ट सांगतो, पैसा लागत नाही. स्कॅनर जमिनीपर्यंत जाऊच देऊ नका.

तार टेबलाच्या मागे अशी बांधा की लोंबकळला तरी तोंड जमिनीच्या चार बोटं वर राहीन. पण वजन तारेवर नको, तारेच्या शेजारी सुतळी नाही तं नाडा बांधा अन् तो तारेपेक्षा आखूड ठेवा. कारण मुठीच्या बुडाशी तार फक्त प्लास्टिकच्या एका बारक्या क्लिपनं अडकलेली असते. दोन-चार हिसके बसले का क्लिप जाते, मग तार ढिली, मग स्कॅनर मधेच बंद पडते अन् सारे म्हणतात बोर्ड गेला.

आमचा आता झोके खाते, पण चालू आहे.

निवृत्त मास्तर (अचलपूर)

गाठीवाले भाऊ, तुमच्या नाड्याला माझे पूर्ण गुण. मी तंत्रशाळेत शिकवत असे, म्हणून थोडे आकडे मांडतो. कंटाळा आला तर सोडून द्या.

काउंटरवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून वस्तू पडली की जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, ताशी १६ किलोमीटर धरा. हा वेग काही फार नाही. नुकसान वेगानं होत नाही, तो किती अंतरात संपतो यानं होतं. हिशोब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. कडक प्लास्टिक शहाबादीवर आपटलं आणि १ मिलिमीटर दबून थांबलं, तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या १००० पट. तेच ५ मिलिमीटर दबत थांबलं तर २०० पट. आरसा आणि चुंबक मिळून १ ग्रॅम धरले, तर पहिल्या धक्क्यात त्या नाजूक पट्टीला क्षणभर १ किलो तोलावा लागतो, दुसऱ्यात २०० ग्रॅम.

म्हणून रबराचं कव्हर लावायचंच, पण घट्ट ताणून बसवलेलं पातळ रबर फारसं उपयोगाचं नाही. ते आधीच ताणलेलं असतं, त्याला दबायला जागा कुठे? सायकलच्या ट्यूबचं कडं डोक्याभोवती घाला आणि त्याच्या आत जुन्या स्लीपरच्या तळव्याच्या चकत्या ठेवा. काचेच्या खिडकीपेक्षा कडं थोडं पुढे आलं पाहिजे, कारण बंदुकीचं तोंड जड असतं आणि ती बहुधा तोंडावरच पडते. मात्र रेघेच्या वाटेत रबर येऊ देऊ नका.

आता आतली गोष्ट, ती मला जास्त आवडते. डोलायच्या दिशेनं पट्टी मऊ हवी, पण पडताना धक्का कुठूनही येतो: वरून, बाजूनं, लांबीच्या दिशेनं. तेव्हा आरसा नको तिकडे ओढला जातो आणि पट्टीला कायमची घडी पडते. यावर उपाय म्हणून पट्टी जाड केली तर आरसा डोलणार नाही. मग कारागिरांनी काय केलं? पट्टी तशीच ठेवली आणि भोवती आडकाठी घातली. आरशाच्या धारकाला मोठं भोक, त्यातून चौकटीची बारीक खुंटी. रोजच्या डोलण्यात खुंटी भोकाला शिवतही नाही. पडल्यावर आरसा भलतीकडे निघाला की पट्टी ताणली जाण्याआधी भोकाची कड खुंटीला टेकते, आणि ताण पट्टीवर न येता चौकटीवर जातो. मधली फट डोलायला लागते त्यापेक्षा मोठी, आणि पट्टी बिघडते त्यापेक्षा लहान. सगळं कौशल्य त्या फटीत. ताईंच्या भावाचा स्पंज म्हणजे ही फट बुजवणं.

१९७४ साली २६ जूनला अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी, दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला तेव्हा स्कॅनर काउंटरमध्ये बसवलेला होता. त्याला पडायची भीती नव्हती. यंत्र माणसाच्या हातात आलं आणि तिथून आरशाचे हाल सुरू झाले.

बियाणेवाली

मास्तर, काका, दादा, सगळ्यांचे आभार. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो स्पंज बाहेरून लाव, आतून नको, मी तेच म्हणत होतो! असो.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, गोठ्यातली जुनी रबरी मॅट आहे, म्हशीखालची. ती धुऊन काउंटरच्या मागे टाकली तर? दुसरं, आमचं गोडाऊन दुकानापासून लांब आहे. माल उतरला की भाऊ स्कॅनर गाडीच्या डिकीत टाकून नेतो. रस्ता कसा आहे ते सांगायला नको. तिथे तो पडत नाही, पण दणके तर बसतातच. त्यानं आरशाला काही होतं का?

पेचकस (अमरावती)

म्हशीची मॅट टणक असते, म्हशीचं वजन झेलायचं असते तिला. शहाबादीपेक्षा बरी, पण मास्तरांचे पाच मिलिमीटर त्यात मिळायचे नाहीत. तुमच्याकडे बारदाना पडलेलाच असेल. दोन-तीन पोती दुमडून काउंटरच्या मागे टाका, वर मॅट नको. उंदीर होणार नाहीत एवढं बघा, आणि कडा दाबून ठेवा, नाही तर स्कॅनर वाचेल आणि बाबा अडखळतील. पुढच्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक उभं राहते, तिथे पोती टाकता येणार नाहीत. तिकडून गाठीवाल्या भाऊंचा नाडा.

डिकीचा प्रश्न चांगला काढला. एकदाच पडणं वेगळं आणि सारखं थरथरणं वेगळं. आरसा सेकंदाला ५० वेळा डोलते असं मी वर लिहिलं. काही स्कॅनरमध्ये पट्टीची स्वतःची लय पण त्याच्याच जवळ ठेवलेली असते, म्हणजे कमी करंटात जास्त डोलते. आता सिंगल सिलिंडरची गाडी ३००० आरपीएमवर घ्या: सेकंदाला ५० फेरे. गाडीची थरथर नेमकी आरशाच्या लयीवर पडली, तर स्कॅनर बंद असूनही आरसा आत डोलत राहते आणि आडकाठीवर ठोके खात राहते. दर वेळी असंच होईल असं नाही. पण डिकी इंजिनाच्या चौकटीलाच बोल्टनं आवळलेली असते, तिथे थरथर गाळायला मधे काहीच नाही. भावानं स्कॅनर पाठीवरच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून न्यावा. माणसाचं अंग थरथर बरीच खाऊन टाकते.

आणि मे महिन्यात डिकीत तर नाहीच. आपल्याकडे सावलीत ४५ अंश, बंद डिकीत त्याहून जास्त. कित्येक स्कॅनर ५० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. आतली दुहेरी टेप उन्हात मऊ पडली की आरशापुढची काच सरकते.

आता तुमचा पहिल्या दिवशीचा प्रश्न, न हलणारा स्कॅनर घ्यायचा का. घ्या. पण फक्त पडण्यासाठी नाही. बियाण्याच्या पाकिटांवर आता क्यूआर येऊन राहिले, आणि लेझरची एकच रेघ क्यूआर वाचूच शकत नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोडही लेझरला नीट दिसत नाही. कॅमेऱ्यासारखा फोटो काढणारा, ज्याला इमेजर म्हणतात, तो दोन्ही वाचते आणि त्यात डोलणारा आरसा नसते. खोक्यावर ‘काँक्रीटवर १.५ मीटरवरून’ किंवा ‘१.८ मीटर’ असं काही लिहिलं आहे का पाहा. काहीच लिहिलं नसेल तर दुकानदार तोंडी काय सांगते त्याला अर्थ नाही. नाडा मात्र त्यालाही बांधा. आरसा नसला तरी काच, लेन्स आणि बोर्डावरचे टाके आहेतच.

बियाणेवाली

दादा, स्क्रू निघाला! चुंबकाला असा चिकटला होता की त्याचाच भाग वाटत होता. आईच्या हळदीकुंकवाच्या डबीतला प्लास्टिकचा चिमटा कामी आला. ठिपका येऊन विझणं बंद झालं, रेघ पुन्हा लांब येते. पण अजून डावीकडेच आहे. पट्टी बोटानं थोडी उजवीकडे वाकवू का?

पेचकस (अमरावती)

नका. घडी पडलेली पट्टी उलटी वाकवली की त्याच घडीवर तुटते. रेघ पूर्ण लांब आहे ना? मग पाकीटच थोडं डावीकडे धरा. अख्खा बारकोड रेघेखाली आला की वाचते, रेघ मधोमध असलीच पाहिजे असं काही नाही. निघालेला स्क्रू जिथला आहे तिथे परत लावा, बहुतेक डबीच्या बुशाचाच असेल. आवळताना रबर चेपून चपटं करू नका, टेकला की थांबा. एवढ्यावर हंगाम निघते. दिवाळीपर्यंत इमेजर घ्या, आणि हा गोडाऊनला ठेवून द्या, म्हणजे भावाला डिकीत काही न्यायलाच नको.

गाठीवाला (हिंगणघाट)

अन् नाडा?

बियाणेवाली

बांधला काका. बाबांच्या जुन्या पायजम्याचा आहे, बाबांना अजून माहीत नाही.