उमेदवारासाठी भिंत रंगवली म्हणून मी भाट?

ब्रशवाला:
काल इथं एकांनी लिहिलं, "निवडणुकीत उमेदवारासाठी गाणी-चित्रं करणारे कलावंत नव्हेत, भाट. कलाकारानं राजकारणापासून लांब राहावं." तिथं दोन ओळी लिहायला बसलो, पण राग मावेना, म्हणून हा धागा.

लांब म्हणजे किती हो? अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर हे शाहीर लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, कलापथकात घडले. निळूभाऊ फुले सेवादलाच्या. ७७ साली पुलं जनता पक्षाच्या सभा गाजवत होते. हे सगळे भाट? तिकडं अमेरिकेत शेपर्ड फेअरी या चित्रकारानं २००८ साली ओबामांचं ते लाल-निळं पोस्टर स्वतःहून केलं, कुणी ऑर्डर दिली नव्हती. आज ते चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

मीही गेल्या खेपेला एका अपक्षासाठी सहा भिंती रंगवल्या. फुकट. प्रत्येकीखाली सही आहे.

तिसरी घंटा:
मोठी नावं घेतली की वाद जिंकला, असं असतं होय? तुमचे शाहीर ज्यासाठी गायले तो संयुक्त महाराष्ट्र ही मागणी होती, माणूस नव्हे. अमर शेखांनी "ताई माई अक्का" गायलं नाही. आणि फेअरीची पुढची गोष्ट गाळलीत. पोस्टरमागचा फोटो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा निघाला, त्यांचा नेमका कुठला फोटो वापरला हे लपवायला त्यानं पुरावे नष्ट केले, २०१२ मध्ये दोन वर्षं प्रोबेशन आणि २५ हजार डॉलर दंड झाला.

आमचं सांगतो. आम्ही नाटकवाल्या पोरांनी एकासाठी पथनाट्य केलं, चौकाचौकात घसा फोडून. काही महिन्यांतच साहेब, ज्यांना आम्ही शिव्या घातल्या, त्यांच्याच गाडीवर हात हलवत उभे! तो व्हिडिओ अजून फिरतोय. तोंड आमचं दिसतं, त्यांचं नाही.

ब्रशवाला:
पथनाट्याचं वाईट वाटलं, खरंच. पण मागणी मतपेटीत टाकता येत नाही, ती माणसाच्या नावानंच टाकावी लागते. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीनं उमेदवारच उभे केले होते ना? पुण्यातून नानासाहेब गोरे निवडून आले, ते काय डफ न वाजता?

नारायणपेठी:
तत्त्वज्ञान चालू द्या, मी प्रेसवाला आहे, माझं ऐका. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क. म्हणजे लफडं झालं की माझं नाव पुढं. चित्रकाराचं कुठंच नाही. आणि बिल? हरलेला फोन उचलत नाही, जिंकलेल्याचा पीए उचलतो. एका माजी माननीयांकडं माझं अजून येणं आहे. फुकट करणाऱ्यांनीच भाव पाडलाय, ब्रशवाले.

ब्रशवाला:
भाव मी पाडला? फ्लेक्स कुणी छापले? आम्ही अक्षर काढायला वर्षं घालवली. तुम्ही रात्रीत "भावी नगरसेवक", खाली चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो!

नारायणपेठी:
मी ऑफसेटवाला, फ्लेक्सवाला नव्हे. आधी माहिती घ्या, मग बोला.

तिसरी घंटा:
फ्लेक्सचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्या अमर शेखांचं नाव घेताय, त्यांच्या नावाच्या चौकात, पुण्यात जुन्या बाजारापाशी, ऑक्टोबर २०१८ मध्ये होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार माणसं गेली. सिग्नलला थांबलेली. शाहिराची आठवण या शहरानं अशी ठेवली.

ब्रशवाला:
ते होर्डिंग प्रचाराचं नव्हतं. पण बरं, यावर भांडत नाही.

कोथरूडची काकू:
धाग्याचा काश्मीर झालाय, नुसतं भांडण चाललंय, तरी विचारते. ब्रशवाले, त्या सहा भिंतींपैकी एक आमच्या सोसायटीची तर नव्हे? उमेदवाराच्या कानापेक्षा मिशी मोठी? परवानगी कुणाची घेतली होती?

ब्रशवाला:
कार्यकर्ते म्हणाले, बोलणं झालंय.

कोथरूडची काकू:
कुणाशी? मी सेक्रेटरी आहे.

तिसरी घंटा:
घ्या! कलावंताचं स्वातंत्र्य, भिंत काकूंची. बाकी सही केलीत हे मात्र मानलं. आमच्या पथनाट्यवाल्यांनी नावं लपवली होती.

ब्रशवाला:
उपकार झाले. काकू, चूक माझी, मी स्वतः विचारायला हवं होतं. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, रविवारी ब्रश घेऊन येतो. चुना तेवढा तुमचा.

कोथरूडची काकू:
चुना आम्हाला आधीच लागलाय. पांढरा डिस्टेंपर आणा.