तेल जातं कुठे?

ड्राय शाम्पू (न धुता केसांना लावायचा स्प्रे किंवा पावडर) वापरला की पाणी न लावता केसांतलं तेल जातं कुठे, असा प्रश्न पडतो. जात कुठेच नाही, फक्त जागा बदलतं! ड्राय शाम्पूत मुख्य काम करतो स्टार्च. तांदळाचा, मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा. टाळूतून सुटणारं तेल (सीबम) केसांवर पसरलं की केस चिकटून त्यांच्या बटा होतात. स्टार्चचे कण इतके बारीक की चिमूटभर पावडरीचाही पृष्ठभाग भलताच मोठा. तेल त्यावर आणि कणांमधल्या फटींत ओढलं जातं. शिवाय कण मध्ये आल्यानं केस सुटे होतात, म्हणून ते दाट वाटतात. स्प्रेमधलं अल्कोहोल उडून जातं.

म्हणूनच फवारल्या फवारल्या विंचरू नका. दोनेक मिनिटं थांबा, बोटांनी मुळाशी चोळा, मग ब्रश फिरवा. नाहीतर तेल प्यायलेली पावडर टाळूवरच बसते आणि काळ्या केसांत, विशेषतः भांगात, पांढुरकी दिसते. घामाचं मीठ मात्र यानं निघत नाही, त्याला पाणीच हवं.

स्प्रे नको असेल (२०२२मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत बेन्झीन या घातक रसायनाच्या शक्यतेमुळे काही ड्राय शाम्पू परत मागवले होते) तर घरातलं कॉर्नफ्लोअर मेकअपच्या ब्रशने लावा. माझं तरी त्यावर भागतं.