पोलीस आयुक्तालयात कायमस्वरूपी वरिष्ठ विधी प्रमुख हवा की नको?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

गेली 11 वर्षं सोलापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करतोय, तीही आरोपीच्या बाजूनं. पोलिसांच्या चुका हीच आमची भाकरी. तरी सांगतो, आपल्या शहर पोलीस आयुक्तालयाला एक वरिष्ठ, कायम नोकरीतला विधी प्रमुख हवा. उपायुक्ताच्या तोडीचा आणि आयुक्तांना "साहेब, या आदेशावर सही करू नका" असं तोंडावर सांगू शकणारा.

सध्या काय चालतं? विधी अधिकारी घेतात ते करारावर, मानधनावर, 11 महिन्यांसाठी. माणूस फायली ओळखायला लागतो तोवर त्याची मुदत संपते.

एक प्रसंग मनातून जात नाही. घरफोडीचा गुन्हा होता. माझा अशील पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, घरात तेलुगू बोलणारा, मराठी अक्षरओळख नाही. अटकेची कारणं म्हणून त्याच्या हातात छापील मराठी फॉर्म दिला, त्यात नुसते कलमांचे आकडे. रिमांडच्या वेळी मी तेवढाच मुद्दा धरला आणि तो सुटला. बाहेर व्हरांड्यात फिर्यादी आजी उभ्या होत्या, आयुष्यभर विड्या वळून केलेलं सोनं गेलेल्या. त्यांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, म्हंजे त्यानं काय केलंच नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

6 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि लगेच देता आली नाहीत तर रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायला हवीत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या आपल्या शहरात हे कोण बघणार? सात पोलीस ठाण्यांसाठी चार भाषांतले नमुने करून देणं हे एका माणसाचं पंधरा दिवसांचं काम आहे. पण तो माणूस जागेवर हवा ना.

तडीपारी आणि एमपीडीएचंही (धोकादायक गुंडांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा) तेच. एमपीडीएखाली स्थानबद्ध केलं की 5 दिवसांत कारणं द्यायची, 12 दिवसांत शासनाची मंजुरी मिळवायची, 3 आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जायचं. एक तारीख हुकली की माणूस सुटतो. जालन्यातल्या एका तडीपारीचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये रद्द केला. दोन वर्षं ही कमाल मुदत का लावली, याचं कारणच आदेशात नव्हतं. एका परिच्छेदाची चूक! आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. मुंबईला जायला परवडायचं नाही म्हणून गप्प बसणारेही आता कोल्हापूर गाठतील. असे आदेश आणखी तपासले जाणार.

ॲड. सातरस्ता

होटगीरोडकर दादा, तुमची कळकळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

हा प्रयोग महाराष्ट्रानं करून झालाय. एकेकाळी खालच्या कोर्टात खटले चालवणारे सरकारी वकील पोलीस खात्याच्या हाताखाली होते. वकील आणि तपास अधिकारी एकाच साहेबाला सलाम करायचे. 1958 च्या विधी आयोगाच्या 14 व्या अहवालानं हे वेगळं करा म्हणून सांगितलं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तरतूद आली, तरी आपल्या राज्यानं केलं नाही. शेवटी 1995 मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की सहायक सरकारी अभियोक्त्यांचं स्वतंत्र केडर करा, त्यांना पोलिसांच्या प्रशासकीय आणि शिस्तीच्या ताब्यातून बाहेर काढा. एवढ्या कष्टानं काढलेला वकील तुम्ही पुन्हा आयुक्तालयात नेऊन बसवताय.

दुसरं, तो आत बसून करणार काय? दोषारोपपत्र पाठवायचं की नाही हे ठरवणं ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचंच काम, त्यासाठी सरकारी वकिलाचं मत घे अशी सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्ये आर. सरला प्रकरणात स्पष्ट केलंय. मग उपायुक्ताच्या दर्जाचा माणूस फोन करून "सल्ला" देईल, तेव्हा साध्या फौजदाराला तो सल्ला वाटेल की हुकूम?

आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे कोठडीत मार खाल्लेला मुलगा. त्याची आई माझ्याकडे येते. समोर आधीच सरकार आहे. त्यात पोलिसांच्या घरचा, पगारी, हुशार वकील पहिल्याच दिवशी कागद "नीट" करून ठेवणार असेल, तर त्या बाईनं जायचं कुठं?

निवृत्त फौजदार

33 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यात. ताईंचा मुद्दा कोर्टातून बघितला तर बरोबर आहे. ठाण्यातून बघा.

रात्री 2 वाजता मारामारीतले चार जण आणून बसवलेत. दोन्हीकडचे पुढारी बाहेर उभे. शिक्षा सात वर्षांच्या आतली. अटक करायची की नोटीस द्यायची? उगाच अटक केली तर सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाप्रमाणे खात्याची कारवाई आणि वर कोर्टाचा अवमान. नाही केली तर सकाळी मोर्चा. त्या वेळी ठाणे अंमलदार कुणाला विचारतो? त्याच्यापेक्षा दोन वर्षं सीनियर असलेल्या राइटरला, म्हणजे ठाण्यातलं लिखाण सांभाळणाऱ्या पोलिसाला. जामीन अर्जावरचा 'से', म्हणजे पोलिसांचं लेखी म्हणणं, कोण लिहितो? राइटरच, मागचा से समोर ठेवून नाव बदलून. सरकारी वकिलांकडे एका सकाळी एवढ्या फायली असतात की आमचा पैरवी कर्मचारी (कोर्टातल्या केसेसचा पाठपुरावा करणारा पोलीस) त्यांच्या मागं पळत पळत दोन वाक्यं सांगतो.

1 जुलै 2024 ला फौजदारीचे तीनही मुख्य कायदे एका रात्रीत बदलले. झडती-जप्तीचं चित्रीकरण, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं नवं प्रमाणपत्र. ट्रेनिंग दिलं, नाही असं नाही. पण पंचनामा लिहिताना अडलेल्या शंकेला ट्रेनिंगमधली स्लाइड उत्तर देत नाही.

जोडभावीचा

आधी ठाण्यात माणसं द्या. एक-एक तपासी अंमलदार किती गुन्हे सांभाळतो ते बघा. वर आणखी एक साहेब, त्याला गाडी, त्याला ऑर्डर्ली. नको.

विधी_तृतीय_वर्ष

मी इथंच कायदा शिकते आणि मला खरंच असं काम करायचंय. वर्गात विचारलं तर सगळे म्हणतात, जाऊ नको, 11 महिन्यांत नारळ देतात. ज्याचा करार साहेबांच्या शेऱ्यावर वाढतो तो साहेबांना "हे चुकीचं आहे" कसं म्हणेल? ॲड. सातरस्ता ताई, तुम्हाला मिंधेपणाची भीती वाटते, पण तो मिंधेपणा आज करारात आहेच की. कायम नोकरीनं तो कमीच होईल ना?

अजून एक. 7 जानेवारी 2014 च्या किशनभाई निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं पोलीस आणि अभियोग अधिकाऱ्यांच्या समितीनं तपासावीत, त्यातले धडे प्रशिक्षणात आणावेत. हे निकाल बसून वाचणारं कुणीतरी पूर्ण वेळ हवं. बंदोबस्तावरून आलेला अधिकारी 60 पानांचं निकालपत्र कधी वाचणार?

अक्कलकोटरोड_ते_इंग्लंड

मूळची सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये सरकारी विधी विभागात नोकरी. इथली रचना सांगते, उपयोगी पडेल.

इथं 1986 पासून खटले चालवायला क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस आहे, पोलिसांपासून वेगळी. तरीही पोलीस दलांना स्वतःचे विधी विभाग आहेत, लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचाही मोठा आहे. कारण आरोपीवरचा खटला हे पोलिसांच्या कायदेशीर कामातलं एकच काम. नुकसानभरपाईचे दावे, पोलिसांवरच्या शिस्तभंगाच्या सुनावण्या, कोठडीतल्या मृत्यूच्या चौकशा, मनाई हुकूम, माहिती कुणाला द्यायची कुणाला नाही, हे सगळं विधी प्रमुखाकडे येतं. 1996 च्या पोलीस कायद्याप्रमाणे शिपायानं ड्युटीवर केलेल्या दिवाणी अपकृत्याला त्या दलाचा प्रमुख जबाबदार धरला जातो आणि भरपाई पोलीस निधीतून जाते. त्यामुळे चूक वेळेत थांबवणारा वकील त्यांना हवा असतो. खटला वेगळा आणि सल्ला वेगळा, ही दोन कामं एकमेकांत मिसळून आपण भांडतोय असं मला वाटतं.

ॲड. सातरस्ता

खटला आणि सल्ला वेगळे, हे मान्य. माझा शहाण्यांच्या निकालाचा दाखला सल्लागाराला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही मान्य करते.

पण इंग्लंडमधला तो वकील नोकरीत असला तरी सॉलिसिटरच राहतो, त्यानं खोटेपणा केला तर त्याची नियामक संस्था त्याचं नाव यादीतून काढू शकते. आपल्याकडे? बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. नुसता सल्ला देणाऱ्याची सनद स्थगित, म्हणजे बार कौन्सिलचा धाक गेला. 31 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं की अशा घरच्या वकिलाला साक्ष अधिनियमाच्या कलम 132 चं, अशिलाशी झालेल्या बोलण्याच्या गोपनीयतेचं, वकिलासारखं संरक्षण नाही. म्हणजे तो ना धड वकील, ना धड पोलीस. त्याच्याकडून आयुक्तांना "नाही" म्हणण्याची अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

निवृत्त फौजदार

ताई, हा नियम मला माहीत नव्हता. पण मग सरकारी वकील ज्याच्या हाताखाली असतात त्या अभियोग संचालनालयाचं काय? तेही गृहखात्याच्याच ताब्यात. पोलीसही गृहखातंच. तिथं बळ कुठून येतं?

ॲड. सातरस्ता

तिथंही कमीच आहे काका, म्हणून तर त्यात आणखी भर नको म्हणते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 नं सात ते दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत दोषारोपपत्र तपासायचं काम अभियोग उपसंचालकांना दिलंय. जिल्ह्याला ते कार्यालय मजबूत करा, तिथं माणसं द्या. जोडभावीच्या दादांचंही समाधान होईल, नवा साहेब नको.

होटगीरोडकर (धागाकर्ता)

उपसंचालक कागद बघणार तपास संपल्यावर. त्या आजींची केस अटकेच्या पहिल्या दिवशी मेली होती. तडीपारीचा आदेश तर दोषारोपपत्राच्या वाटेनं जातच नाही.

नियम 49 चा मुद्दा मात्र मी विचारात घेतला नव्हता. म्हणून मागणी बदलतो. हा माणूस पोलीस खात्यानं नेमायचा नाही. विधी व न्याय विभागानं प्रतिनियुक्तीवर पाठवायचा, तीन वर्षांसाठी, मध्ये हलवायचा नाही, त्याचा गोपनीय अहवाल आयुक्तांनी लिहायचा नाही. त्याचं मत फाइलवर लेखी राहील. आयुक्तांना ते मानायचं नसेल तर त्यांनी खाली स्वतःच्या हातानं कारण लिहायचं. आणि कोठडीत मारहाण, मृत्यू असल्या प्रकरणांत त्यानं संबंधित पोलिसाला काडीचाही सल्ला द्यायचा नाही. त्या पोलिसानं स्वतःचा वकील करावा.

ॲड. सातरस्ता

शेवटची अट पहिल्या क्रमांकावर लिहा, मग पुढचं वाचते. आणि त्यात एक घाला: कोठडीतल्या प्रकरणात स्टेशन डायरी, सीसीटीव्ही, वैद्यकीय कागद 24 तासांत सील करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलेत की नाही, हे त्यानं तपासायचं आणि गेले नसतील तर थेट जिल्हा न्यायाधीशांना कळवायचं. आयुक्तांना विचारून नाही.

माझा विरोध अजून आहे. पण एवढं लिहून मसुदा केलात तर बार असोसिएशनच्या सभेत तो मांडायला मी अडवणार नाही, उलट त्यावर बोलेन.

निवृत्त फौजदार

मसुद्यात रात्रीचा फोनही लिहा. अकरा ते पाच कार्यालयात बसणारा असेल तर ठाण्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि होटगीरोडकर, ते चार भाषांतले अटकेच्या कारणांचे नमुने कुणाच्याही नेमणुकीची वाट न बघता करता येतील. तेलुगू माझ्या सूनबाई तपासून देतील. कन्नड मी स्वतः बघतो.