मदत हवी आहे: सातपुड्यातला पळस बघायला गाडीने जायचंय, वेळ, मार्ग आणि झाडं ओळखणारा वाटाड्या सुचवा

नमस्कार मंडळी,

जळगावहून विचारते आहे. आमचा निवृत्त शिक्षिकांचा गट आहे. सगळ्या साठीच्या पुढच्या, त्यातल्या दोघींचे गुडघे कुरकुरणारे. येत्या होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याने गाडीने फिरत पळस, सावर, पांगारा बघायचा बेत आहे. पावसाळा संपता संपता कासला रांगा लागतात, ऑनलाइन बुकिंग होतं. आमच्याकडे ऊन तापायला लागल्यावर, पानं झडलेल्या रानात फुलं येतात, त्याची सहल मात्र कोणी काढत नाही. निदान मला तरी सापडली नाही.

एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून आराखडा मागवला. पहिल्या दिवशी मनुदेवी, उनपदेव, प्रकाशा, मुक्काम शहाद्याला. दुसऱ्या दिवशी तोरणमाळ आणि रात्री परत जळगाव. देवदर्शन होईल, जेवणं चांगली होतील, पण पळस कुठे? तर म्हणे, "मॅडम, तो काय, रस्त्याने दिसेलच." खिडकीतून भुर्रकन जाणारा पळस मला नको आहे. झाडाखाली उभं राहायचंय. काळपट मखमली कळ्या, त्यांतून वाकून बाहेर आलेली केशरी पाकळी, आणि त्यात चोच घालून कपाळाला पराग माखून घेणारा कोतवाल, हे सगळं थांबल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे ठिकाणं कमी आणि थांबे जास्त असा कार्यक्रम हवा आहे.

पहिली अडचण तारखेची. गटातल्या बहुतेकींना होळीला जोडून जायचंय, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी आयुष्यात एकदा बघायची आहे म्हणून. पण २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ ची होळी थेट २१-२२ मार्चला येते. २०२६ ला ती मार्चच्या पहिल्याच आठवड्यात होती. पंचांग पुढे सरकलं म्हणून पळस काही थांबायचा नाही. तोवर काय उरलेलं असतं?

दुसरं, दोनच दिवस असतील तर यावल-रावेरकडून डोंगरातल्या पाल गावाला जावं, की शहाद्याकडून तोरणमाळला? तोरणमाळचा सातपायरी घाट १७ सीटर ट्रॅव्हलरला झेपतो का, हेही सांगा.

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: सोबत कोणी जाणता माणूस मिळेल का? वनखात्याचा असो, नाहीतर पाड्यावरचा एखादा पावरा आदिवासी मुलगा. त्याला दिवसाचे किती द्यावेत? घासाघीस करायची नाही, पण फार कमी देऊन अपमानही करायचा नाही.

– जळगावची बाई

शहादेकर:

ताई, आधी होळी आणि पळस वेगळे करा. पायथ्याचा पळस आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ऐन भरात असतो. सावर त्याच्याही आधी सुरू होते. २२ मार्चला आलात तर पळसाखाली सडा असेल, झाडावर चपट्या शेंगा लटकू लागलेल्या असतील. मात्र तेव्हा मोहाच्या झाडांचा बहर सुरू असतो, आणि तो बघणं वेगळीच गोष्ट आहे. फुलं पहाटे गळतात. बायामुलं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली येतात, वेचायला सोपं जावं म्हणून खालची जागा आधीच साफ केलेली असते. तिथे गाडी लावू नका, फुलांवर पाय देऊ नका. तो त्यांचा वर्षाचा पैसा आहे.

काठीची होळी पेटते पहाटे. त्याआधी रात्रभर नाच, ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे. तुमच्या गटाला रात्रभर जागणं जमेल का ते बघा. बुध्या-बावा झालेल्यांचं, म्हणजे होळीसाठी सजून नाचणाऱ्यांचं, व्रत असतं, तेव्हा तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढू नयेत. होळीच्या आधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात दिवसाढवळ्या जाता येतं, ते तुम्हाला जास्त सोयीचं.

घाटाचं म्हणाल तर ट्रॅव्हलर वर जाते, पण वळणावळणाला पोटात ढवळतं. शहाद्याला गाडी ठेवून क्रुझर जीप करा. चालक स्थानिक असला की मधे कुठेही थांबवता येतं. डिझेल शहाद्यातच भरा, पुढे मोबाइलला रेंजही धड नसते.

केळीवाला_रावेर:

तोरणमाळ सोडा, पाल करा. जळगावहून सकाळी सहाला निघा, फैजपूर-सावदा-खिरोदा मार्गे वर चढा. खाली केळीच्या हिरव्यागार बागा आणि घाट लागला की एकदम उघडं रान, मधेमधे पेटलेला पळस. हा बदल तोरणमाळच्या बाजूला इतका ठसठशीत दिसत नाही (मी रावेरचा आहे, तेवढं धरून चाला). अकरापर्यंत बघून घ्या. पक्षीही तोवरच असतात, भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा उतरला तर झाडावर नुसता कलकलाट. दुपारी पालला जेवून आराम, संध्याकाळी गारबर्डी धरण. वाटाड्यासाठी वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका. पैशांचं म्हणाल तर त्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते, तिच्या दुप्पट तरी द्या आणि जेवायला सोबत बसवा.

चोपड्याचा भो:

काय ताई, पळस बघायला गाईड म्हणजे तापीत उभं राहून पाण्याची बाटली विकत घेणं! आमच्या बांधावर या, दादर ज्वारी कापणीला आली की पळस फुललेलाच असतो. चहा माझ्याकडून.

जळगावची बाई:

भाऊ, चहा पक्का. पळस मलाही ओळखता येतो हो, लहानपणी त्याची फुलं उकळून रंग केलाय. पण पानं झडल्यावर धावडा कुठला, सालई कुठली, अंजन कुठला, हे मला सांगता येत नाही. आणि लाल कोवळी पालवी फुटलेला कुसुंब लांबून फुललेलाच वाटतो. त्यासाठी माणूस हवाय.

शहादेकर आणि केळीवाले दादा, दोघांचेही आभार. मैत्रिणींशी बोलले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाल, एक मुक्काम, हे ठरल्यात जमा आहे. होळीला काठीला ज्यांना जायचं त्या वेगळ्या जातील. मी जाणार नाही, रात्रभराचं जागरण मला सोसत नाही. मोह मात्र बघायचा आहे, तो पालच्या बाजूला मार्चअखेर एका सकाळीत जमेल का?

आणि क्रुझरची पायरी बरीच उंच असते. गुडघेवाल्या दोघी चढतील असं काही करता येतं का? कोणी लाकडी पाट वगैरे नेला आहे का सोबत? पालच्या वाटाड्याबद्दल कोणाला माहिती असेल तर व्यनि करा.