ताण द्या, ताण जाईल?

गिरणाकाठ: जळगावात बायकांचा योगवर्ग घेते. २१ जूनच्या योगदिनासाठी इंग्रजी पत्रकाचं मराठी करायला बसले नि 'स्ट्रेच'पाशी अडले. लिहिलं, 'मांडीच्या मागच्या शिरांना ताण द्या'. पुढच्याच ओळीत 'रोजच्या सरावाने ताण कमी होतो'. वर्गात वाचून दाखवलं, तर धुळ्याकडची एक मावशी म्हणते, "ताई, एक तान घरना, एक तान तुना!" दुसरा शब्द सुचवा.

शेवभाजी: मनाच्या ताणाला टेन्शन लिहा. सगळ्यांना कळतं.

दादर: मग योगाचंही 'योगा' करून टाका, राहिलं काय! शरीराचा ताण, मनाचा तणाव. संपलं.

शेवभाजी: तणाव सीमेवर असतो हो दादा. माझ्या आईला तणाव कधी आला नाही, टेन्शन रोज येतं. आणि ते परकं तरी कुठाय? आपला 'तन्' धातू आणि टेन्शनचं लॅटिन मूळ, एकाच भावकीतले.

खापर: ताण काढू नका, आसनाच्या नावातच आहे तो. पश्चिमोत्तान, म्हणजे पश्चिम अधिक उत्तान, ताणलेलं. पश्चिम म्हणजे शरीराची पाठीमागची बाजू. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात तर 'पश्चिमतान'च म्हटलंय, 'न'चं. मावशीचा उच्चार शुद्ध निघाला की!

दादर: काहीतरीच. अहिराणीत पाणीचं पानी होतं तसं ताणचं तान झालं. योगायोग आहे.

खापर: असेल. पण शाळेत 'पानी' म्हटलं की छडी बसायची आम्हाला, म्हणून हा योगायोग गोड लागतो.

गिरणाकाठ: मंडळी, मांडी! पतंजलींनी आसन साधायला 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे जोर सैल सोडणं, सांगितलंय, आणि आपलं 'सैल' त्या शिथिलातूनच आलेलं. वर्गात मी म्हणते, पाय लांबवा, श्वास सावकाश सोडा, सैल व्हा. श्वास सोडताना नाडी जरा मंदावते, मनगटावर बोट ठेवलं की त्यांना स्वतःलाच कळतं. तेवढं पुरतं, व्याख्या कोणी विचारत नाही. 'लांबवा' चालेल का छापायला?

शेवभाजी: आमच्या बसस्टँडवर पाकिटं लांबवतात.

दादर: 'योगा'वर मात्र सगळे गप्प. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद आपल्या खान्देशातल्या अमळनेरच्या कॉलेजात प्राचार्य होते. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढून त्यांनी आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासले. आणि खान्देशातच 'योगा क्लास'च्या पाट्या!

खापर: पाटीचं सोडा. योग आणि बैलाच्या मानेवरचं जू, दोन्ही 'युज्' म्हणजे जोडणं, या धातूचे. वडील पहाटे जू ठेवायचे, तोच त्यांचा योग.

गिरणाकाठ: उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय हो.

दादर: जू 'युग'वरून आलंय. थेट 'युज्'वरून नाही.

खापर: आणि युग कशावरून?